ट्रकच्या चाकाचा स्टड का तुटतो? कारण बहुधा सैल पकडीत असते

नवी दिल्ली : महामार्गालगतच्या दुरुस्तीच्या दुकानात ट्रकच्या चाकाचा तुटलेला स्टड आणला जातो, तेव्हा ‘माल हलका होता’ हा निष्कर्ष बहुधा लगेच निघतो. नवा स्टड बसवून, नट आवळून गाडी पुन्हा रस्त्याला लागते. काही दिवसांनी त्याच चाकाचा शेजारचा स्टड तुटतो आणि मग आणखी एक. निकृष्ट पोलादामुळे स्टड तुटत नाहीत असे नाही. मात्र बहुतेक प्रकरणांत स्टड तुटण्यापूर्वीच चाकाची हबवरील पकड ढिली झालेली असते. ती पकड का गेली, हे न शोधता केवळ सुटा भाग बदलला, तर मूळ दोष चाकातच राहतो.

हा प्रश्न केवळ वाहतूकदाराच्या खर्चाचा नाही. टायर व रिम मिळून अवजड ट्रकचे एक चाक शंभर किलोंच्या आसपास भरते. धावत्या गाडीतून ते निखळले तर गाडीच्याच वेगाने पुढे सुटते. त्याला थोपविण्यासाठी चालकाच्या हाती काहीही उरत नाही. समोरून येणारी मोटार, दुचाकीस्वार किंवा रस्त्याकडेला उभा असलेला पादचारी यांना ते चुकविण्याइतका अवधी मिळेलच असे नाही.

स्टडचे खरे काम

चाकाचे वजन स्टडवर टांगलेले असते, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात रचना वेगळी असते. नट आवळला की स्टड किंचित ताणला जातो. ताणलेला स्टड मूळ लांबीवर येऊ पाहतो आणि त्या ओढीने रिमची तबकडी, ब्रेक ड्रम व हब एकमेकांवर घट्ट दाबले जातात. या दाबामुळे पृष्ठभागांमध्ये जे घर्षण निर्माण होते, तेच ट्रकचा भार, ब्रेकचा झटका व वळणावरचा जोर पेलते. पकड शाबूत असेपर्यंत स्टडला प्रामुख्याने ताणच सोसावा लागतो. वाकविणारा किंवा कातरणारा जोर त्याच्यावर फारसा येत नाही.

या पकडीची ताकद साध्या हिशेबाने समजू शकते. २२ मिलिमीटर व्यासाचे दहा स्टड असलेल्या, हबवर केंद्रित होणाऱ्या चाकांसाठी साधारण ६०० न्यूटन-मीटर एवढा आवळण्याचा जोर, म्हणजेच टॉर्क, वापरला जातो. एक मीटर लांबीच्या दांड्याच्या टोकावर सुमारे ६० किलोंचा भार दिल्यास एवढा टॉर्क मिळतो. त्यातून प्रत्येक स्टडमध्ये अंदाजे १४ टनांची ओढ निर्माण होते. दहा स्टड मिळून ती सुमारे १४० टन होते. घर्षणाचे प्रमाण अगदी कमी धरले तरी हा सांधा सुमारे २० टनांचा आडवा जोर न सरकता सोसू शकतो. चार टायरांच्या एका आसाला देशात ११.५ टनांची मर्यादा आहे, म्हणजे आसाच्या एका बाजूस पावणेसहा टनांच्या आसपास भार येतो. पकड योग्य असेल तर खड्डे आणि ब्रेक यांच्या धक्क्यांसाठीही पुरेसा वाव राहतो, हे यावरून दिसते.

एक दशांश मिलिमीटरचा हिशेब

एवढी मोठी ओढ ज्या ताणावर अवलंबून असते, तो ताण मात्र अतिशय सूक्ष्म असतो. हब आणि नट यांच्यामधील स्टडचा भाग साधारण ५० मिलिमीटर धरला, तर योग्य आवळल्यानंतर त्याची लांबी जेमतेम एक दशांश मिलिमीटरने वाढते. सांध्यातील पृष्ठभाग पाच शतांश मिलिमीटरने जरी दबले, तरी निम्मी पकड नाहीशी होते.

चाक बसविताना राहिलेल्या बारीकसारीक गोष्टी म्हणूनच महागात पडतात. रिमला पुन्हा पुन्हा दिलेल्या रंगाचे थर, हबवरील गंजाचे पापुद्रे, वाळलेला चिखल किंवा ग्रीस सांध्यात अडकले, तर नट आवळताना सर्व काही घट्ट झाल्यासारखे वाटते. गाडी भार घेऊन धावू लागली की हा थर चिरडला जातो आणि तेवढ्याने स्टड सैलावतो. नव्या रिम, नवे ड्रम आणि नवे स्टड यांचे पृष्ठभागही पहिल्या काही किलोमीटरांत असेच ‘बसतात’. नट फिरला नसला तरी पकड कमी होते, ती अशी.

दुसरी अडचण टॉर्कच्या स्वरूपातच आहे. नट आवळण्यासाठी लावलेल्या जोरापैकी सुमारे ९० टक्के भाग आट्यांतील आणि नटाखालच्या घर्षणावर खर्च होतो. प्रत्यक्ष ओढ निर्माण करण्यासाठी जेमतेम दहावा हिस्सा उरतो. आटे गंजलेले असतील तर टॉर्क रेंच अपेक्षित आकडा दाखवितो, पण पकड अपुरी राहते. याउलट, जेथे कोरडे आटे अपेक्षित आहेत तेथे तेल लावल्यास त्याच आकड्याला स्टड प्रमाणाबाहेर ताणला जातो.

एकामागून एक

पकड ढिली झाल्यावर चाक हबवर अगदी थोडे सरकू लागते. डोळ्यांना ही हालचाल दिसत नाही. स्टडवर मात्र आता ताणाबरोबरच वाकविणारा जोर येतो, आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्यात त्याची दिशा बदलते. ट्रकचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ३०० फेरे घेते. मुंबई ते दिल्ली हे सुमारे १,४०० किलोमीटरचे अंतर कापताना प्रत्येक स्टड चार लाखांहून अधिक वेळा इकडून तिकडे वाकविला जातो. लोखंडी तार पुन्हा पुन्हा वाकवून हाताने तोडता येते. त्याच प्रकारे स्टडमध्ये प्रथम केसासारखी चीर पडते, ती हळूहळू आत सरकते आणि उरलेला भाग भार पेलण्यास अपुरा ठरला की स्टड एकाएकी तुटतो. यालाच धातूचा थकवा म्हणतात.

पहिला स्टड तुटला की त्याच्या वाट्याचा भार शेजारच्या दोघांवर येतो. तेही तोवर तितकेच फेरे वाकलेले असतात. पहिला तुटण्यास महिने लागले, तरी पुढचे काही तासांत जाऊ शकतात. ‘एक तुटला तरी नऊ आहेत’ हा हिशेब या ठिकाणी लागू पडत नाही.

तुटलेला तुकडा काय सांगतो

तुटलेला स्टड फेकून देण्यापूर्वी तो पुसून उजेडात पाहणे, ही निदानाची पहिली पायरी आहे.

तुटलेल्या पृष्ठभागाचा काही भाग गुळगुळीत असेल, त्यावर झाडाच्या कापलेल्या बुंध्यावर दिसतात तशा वक्र रेषा असतील आणि उरलेला भाग खडबडीत व दाणेदार असेल, तर तो थकव्याने तुटला असे समजावे. गुळगुळीत भाग म्हणजे चीर हळूहळू पसरत गेली तो प्रदेश, तर खडबडीत भाग अखेरच्या क्षणी तुटलेला. गुळगुळीत भाग मोठा असेल तर स्टड बराच काळ सैल सांध्यात काम करत होता आणि अखेरच्या क्षणी त्यावरील भार फार मोठा नव्हता, असा अर्थ निघतो. खडबडीत भाग मोठा असेल तर भारही जास्त होता. गुळगुळीत भागावर गंज चढलेला असल्यास ती चीर जुनी असते. अशी तूट बहुधा हबच्या पृष्ठभागालगत किंवा नटाच्या पहिल्या आट्यापाशी आढळते, कारण ताण तेथेच एकवटतो.

याउलट, तुटलेल्या जागी स्टड बारीक होत गेलेला असेल आणि आट्यांमधील अंतर वाढलेले दिसत असेल, तर तो प्रमाणाबाहेर आवळल्याने ताणला गेला आहे. शंका असल्यास एक सोपी कसोटी आहे. नवा नट स्टडवर हाताने फिरवून पाहावा. साफ केलेल्या आट्यांवरही तो मध्येच अडत असेल तर आटे ताणले गेले आहेत किंवा खराब झाले आहेत आणि तो स्टड पुन्हा वापरण्याजोगा नाही.

तिसरा प्रकार निकृष्ट किंवा चुकीच्या मालाचा. अवजड वाहनांच्या स्टडवर सामान्यतः १०.९ असा दर्जा कोरलेला असतो. पहिला आकडा पोलादाची तुटण्यापूर्वीची ताकद सुचवितो, म्हणजे प्रत्येक चौरस मिलिमीटरला सुमारे १,००० न्यूटन. दुसरा आकडा सांगतो की, त्या ताकदीच्या ९० टक्क्यांपर्यंत तो कायमचा लांबत नाही. ही खूण नसलेला, लांबीने कमी किंवा आट्यांत न जुळणारा स्टड स्वस्त मिळाला तरी तो चाकाला लावू नये.

तुटण्यापूर्वीच्या खुणा

स्टड तुटण्याआधी चाक बहुतेक वेळा इशारा देते. नटाखालून रिमवर गंजाचे तपकिरी ओघळ उतरलेले दिसणे, ही त्यांतील सर्वात सहज ओळखता येणारी खूण. सांध्यात हालचाल होत असल्याने लोखंडाची भुकटी पावसाच्या पाण्याबरोबर बाहेर येते. नटाभोवती रंग उडून चकचकीत कडे पडणे, रिमवरील भोके लांबट होणे, दोन भोकांच्या दरम्यान तडा जाणे, एकच नट वारंवार सैल सापडणे आणि हळू वेगात चाकातून खटखट आवाज येणे, या आणखी काही खुणा होत.

अनेक चालक प्रवासापूर्वी लोखंडी दांड्याने नट ठोकून आवाजावरून अंदाज घेतात. पूर्ण ढिला झालेला नट या रीतीने सापडतो. निम्मी पकड गमावलेला नट मात्र आवाजावरून ओळखता येत नाही. नटांवर बसविण्याचे प्लास्टिकचे बाणही मिळतात. शेजारशेजारच्या नटांवरील बाण समोरासमोर ठेवले, की नट फिरल्यास ते लगेच लक्षात येते. नट न फिरता झालेली सैल पकड मात्र बाणांनाही दाखविता येत नाही. त्यासाठी टॉर्क रेंचला पर्याय नाही.

चाक बसविण्याच्या दोन रीती

देशातील रस्त्यांवर दोन रचनांची चाके एकत्र धावतात, आणि त्यांची सरमिसळ हेही स्टड तुटण्याचे एक कारण आहे. जुन्या रचनेत नटाचा शंकूसारखा किंवा गोलाकार भाग रिमच्या भोकात बसतो आणि चाक स्टडवर केंद्रित होते. नव्या रचनेत चाक हबच्या कडेवर केंद्रित होते आणि सपाट, फिरत्या वॉशरचा नट केवळ दाब देतो. एका रचनेचा नट दुसऱ्या रचनेच्या रिमला लावला तर तो पुरेशा पृष्ठभागावर टेकतच नाही. बाहेरून घट्ट दिसणारे असे चाक थोड्याच दिवसांत ढिले होते.

तेलाबाबतही दोन्हींचे नियम निराळे आहेत. स्टडवर केंद्रित होणाऱ्या चाकांचे आटे सहसा कोरडे ठेवतात. हबवर केंद्रित होणाऱ्या चाकांसाठी अनेक उत्पादक आट्यांवर आणि नट-वॉशरच्या मध्ये तेलाचे एक-दोन थेंब देण्यास सांगतात. रिम आणि ड्रम जेथे एकमेकांना टेकतात, तेथे मात्र दोन्ही रचनांत तेल किंवा ग्रीस चालत नाही. जुन्या रचनेच्या अनेक वाहनांत डाव्या बाजूस उलटे आटे देण्याची रीत होती. ते ध्यानात न घेता हवेची गन चालविल्यास सोडविण्याऐवजी स्टड आणखी ताणला जातो. म्हणून वाहनाच्या पुस्तिकेतील टॉर्क, तेल आणि आट्यांची दिशा हीच अंतिम मानावी.

पाइप, गन आणि पाना

पंक्चर काढल्यावर चाक परत बसविताना पान्याला लांब पाइप जोडून त्यावर उभे राहण्याची रीत सर्वत्र दिसते. दीड मीटरच्या पाइपवर ७५ किलोंचा माणूस उभा राहिला तर सुमारे १,१०० न्यूटन-मीटर टॉर्क लागतो. आवश्यकतेच्या हा जवळजवळ दुप्पट आहे. त्याने स्टड कायमचा लांबण्याच्या मर्यादेजवळ जातो, आणि आटे तेलकट असल्यास ती ओलांडतोही. एकदा असा लांबलेला स्टड पुढे योग्य टॉर्कवरही पुरेशी पकड देत नाही. हवेच्या गनचा दोष वेगळा आहे. हवेचा दाब आणि गनची स्थिती यांनुसार एकाच चाकावरील दहा नटांना दहा वेगवेगळे टॉर्क मिळू शकतात. गन नट जागेवर आणण्यापुरती वापरावी आणि शेवटचे आवळणे टॉर्क रेंचने करावे, असे सांगितले जाते ते यासाठीच.

आवळण्याचा क्रमही महत्त्वाचा आहे. रिम, ड्रम व हबचे टेकणारे पृष्ठभाग तारेच्या ब्रशने साफ करावेत. सर्व नट प्रथम हाताने चढवावेत. मग समोरासमोरचे नट आलटून पालटून हलकेच आवळून चाक सरळ बसवावे, आणि त्याच क्रमाने पूर्ण टॉर्क द्यावा. शेजारशेजारचे नट ओळीने आवळल्यास चाक एका बाजूला टेकून तिरपे बसते. घाट उतरून आलेल्या गाडीचे ड्रम तापलेले असतात. तेव्हा नट तपासण्याची घाई न करता ते निवेपर्यंत थांबावे.

यानंतरची पायरी सर्वाधिक वेळा वगळली जाते. चाक बसविल्यानंतर ५० ते १०० किलोमीटर धावल्यावर नट पुन्हा टॉर्क रेंचने तपासण्याची शिफारस उत्पादक करतात. पृष्ठभाग बसल्यामुळे गमावलेली पकड याच वेळी भरून काढता येते. ज्या गाडीचे चाक सकाळी एका गावी बदलले, ती शंभर किलोमीटरनंतर दुसऱ्याच जिल्ह्यात असते. काम करणारा मागे राहिलेला असतो आणि टॉर्क रेंच गाडीत नसतो. पंक्चर काढणाऱ्याने पावतीवर चाकाचे स्थान व किलोमीटरचा आकडा लिहून दिला आणि वाहतूकदाराने मार्गावरील पुढच्या ठिकाणी तपासणी ठरवून ठेवली, तर ही पायरी अशक्य नाही.

एक तुटला तर किती बदलावेत?

यासाठी अवजड वाहनांच्या क्षेत्रात सर्वमान्य नियम आहे. एक स्टड तुटला असेल तर तो आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे, असे तीन बदलावेत. एकाच चाकाचे दोन किंवा अधिक तुटले असतील तर त्या चाकाचे सर्व स्टड बदलावेत. जुन्या स्टडवर नवे नट किंवा नव्या स्टडवर झिजलेले नट लावू नयेत. भोके लांबट झालेली किंवा तडा गेलेली रिम बाद करावी. तुटलेल्या स्टडचा तुकडा वेल्डिंगने जोडणे किंवा नट स्टडला वेल्ड करणे धोक्याचे आहे. स्टडच्या पोलादाला उष्णता प्रक्रियेने ताकद दिलेली असते आणि वेल्डिंगच्या उष्णतेने ती नष्ट होते.

ओझे आणि कायदा

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने जुलै २०१८ मध्ये आसांवरील भाराच्या मर्यादा वाढविल्या. चार टायरांच्या एका आसाची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन, तर दोन जोड आसांची १९ टनांवरून २१ टन झाली. यापेक्षा अधिक माल भरल्यास मोटार वाहन (सुधारणा) कायदा, २०१९ नुसार २० हजार रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २ हजार रुपये दंड आहे. जादा ओझ्याने पकड सैल होण्याचा वेग वाढतो आणि पडलेली चीर लवकर पसरते. परंतु मर्यादेतील मालही ढिल्या चाकावर सुरक्षित नसतो.

व्यावसायिक वाहनांना योग्यता प्रमाणपत्र आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी घ्यावे लागते. एखादे पंक्चर मात्र चाकाची पकड एका दुपारीत बदलून टाकते. त्यामुळे दोन तपासण्यांच्या मधल्या काळाची जबाबदारी मालक, चालक व चाक बसविणारा यांच्यावरच पडते.

ही जबाबदारी नेमकी कोणाची, हा प्रश्न कॅनडातील ओंटारिओ प्रांताने कायद्याने सोडविला. १९९५ मध्ये ट्रकची चाके निखळून मृत्यू झाल्यानंतर १९९७ मध्ये तेथे कठोर तरतूद करण्यात आली. धावत्या अवजड वाहनाचे चाक सुटले की वाहतूकदार दोषी, दंड ५० हजार कॅनेडियन डॉलरपर्यंत. ‘आम्ही पुरेशी काळजी घेतली होती’ हा बचाव त्यात ग्राह्य धरला जात नाही. प्रांताच्या अपील न्यायालयाने २००३ मध्ये ही तरतूद कायम ठेवली. चाके बसविणाऱ्यांच्या प्रशिक्षणावरही तेथे भर देण्यात आला. त्याआधी, १९९२ मध्ये, अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने याच विषयावर विशेष अहवाल प्रसिद्ध केला होता. नट योग्य प्रकारे न आवळणे आणि चाकाचे बेअरिंग निकामी होणे, ही दोन मुख्य कारणे त्यात पुढे आली होती.

एखाद्या ट्रकला चाक निखळून होणारा अपघात टाळण्यासाठी लागणारी साधने मोजकीच आहेत : तारेचा ब्रश, तपासून घेतलेला टॉर्क रेंच आणि एक नोंदवही. कोणते चाक कोठे काढले, किती टॉर्कने आवळले, किती किलोमीटरनंतर पुन्हा तपासले आणि कोणाच्या हातून, एवढ्या नोंदी असल्या की स्टड तुटला तरी कारण शोधता येते. त्या नसतील, तर तुटलेल्या स्टडच्या पृष्ठभागावरील रेषा हीच एकमेव नोंद उरते.